कॉम्प्युटरपुढची बैठक : मान, पाठ, मनगट कायमचं धरू नये म्हणून खुर्ची-टेबल कसं लावावं

वाशी : जुलै महिना आला की तालुक्यात दोन कामं एकदमच अंगावर येतात. रानात कोळपणी-फवारणी आणि गावात पीकविम्याची रांग. ३१ जुलैची मुदत जवळ येईल तसं वाशी, पारगाव, तेरखेडा इथल्या सेवा केंद्रांचं सकाळी वर गेलेलं शटर रात्री उशिरापर्यंत खाली येत नाही. रांगेतल्या शेतकऱ्याचे हाल सगळ्यांना दिसतात, त्याच्या बातम्याही होतात. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या ऑपरेटरचं मात्र कुणी विचारत नाही. संध्याकाळी मान वळत नाही, उजव्या हाताला मुंग्या येतात, कंबर धरते. चार दिवस झंडू बाम चोळला जातो आणि पाचव्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची.

हे दुखणं नुसतं विम्याच्या केंद्रापुरतं राहिलेलं नाही. २०११ ला संग्राम प्रकल्प आला तेव्हापासून ग्रामपंचायतीत संगणक परिचालक बसतो. सातबारा ऑनलाइन झाला, ई-पीक पाहणी आली, लाडक्या बहिणीचे अर्ज झाले, फार्मर आयडी आला. प्रत्येक योजनेचा शेवट कुठल्यातरी कीबोर्डवर होतो. पतसंस्थेतला क्लार्क, दूध डेअरीवर संकलन लिहिणारा, शाळेतला लिपिक, टायपिंगच्या क्लासला जाणारी मुलं, पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करणारी पोरं, सगळे दिवसातले सहा-आठ तास एका जागी बसतात. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणं म्हणतात. तिथपर्यंत गेलं की ते बरं करायला फार वेळ लागतो. त्याच्या आधी ते थोपवायचं असेल तर मोठा खर्च नाही. विटा, गोधडी, परीक्षेचं पॅड आणि सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम एवढ्यात बरंचसं भागतं.

दुखणं येतं कुठून

शेतातल्या कामाने अंग दुखतं ते समजतं, कारण वजन उचललेलं असतं. बसून काय दुखायचंय, असं घरची मोठी माणसं म्हणतात. पण एखादा स्नायू जोर न लावता नुसता आवळून धरला तरी त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो थकतो. रिकामी घागर हात लांब करून धरून बघा, पाच मिनिटांत खांदा भरून येतो. टेबल उंच असलं की ऑपरेटर खांदे वर उचलून टाईप करतो. ते खांदे दिवसभर तसेच वर राहतात आणि त्याला ते कळतही नाही.

दुसरं कारण म्हणजे एकच हालचाल हजार वेळा. पीकविम्याच्या एका अर्जात आधारचे १२ अंक, मोबाईलचे १०, बँक खात्याचे ११ किंवा जास्त, वर गट नंबर आणि क्षेत्र. म्हणजे तीस-चाळीस अंक नुसते उजव्या हाताने. दिवसात शंभर अर्ज झाले तर त्याच तीन बोटांनी तीन-चार हजार ठोके मारले. यात चुकून मागे जाऊन पुन्हा भरलेलं धरलेलं नाही.

हे आजचं नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक काढलं. १७१३ च्या आवृत्तीत त्याने कारकुनांचा भाग घातला. कारकुनांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या केंद्रातल्या ऑपरेटरला जशीच्या तशी लागू पडते. इंग्लंडमध्ये १९०८ साली तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्याला कामामुळे होणारा आजार म्हणून भरपाईच्या कायद्यात जागा मिळाली. पुढे १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांत हात दुखण्याची लाटच आली. तिथल्या टेलिफोन कंपनीत सारखंच काम असलेल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या कचेऱ्यांत दुखण्याचं प्रमाण फार वेगवेगळं निघालं. त्यावरून अनेक अभ्यासकांनी म्हटलं की सगळा दोष टेबल-खुर्चीला देऊन चालणार नाही, कामाचा दट्ट्या आणि विश्रांती हेही बघायला पाहिजे. तो भाग पुढे येतो. आधी खुर्ची-टेबल, कारण ते आज दुपारी दुरुस्त होण्यासारखं आहे.

माप कोपरापासून घ्यायचं

बहुतेक केंद्रांत टेबल आधी येतं आणि माणूस नंतर. टेबल लग्नात मिळालेलं, जुन्या कार्यालयातून आलेलं किंवा फॅब्रिकेशनवाल्याने नेहमीच्या मापाने केलेलं असतं. नेहमीचं माप म्हणजे जमिनीपासून साधारण ३० इंच. हे माप वहीत लिहिण्यासाठी आहे. कीबोर्डसाठी ते बहुतेकांना उंच पडतं.

बैलाला खांदेसूज आली की शेतकरी आधी जू तपासतो. जू बैलाच्या मापाचं लागतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथंही तेच बघायचं, फक्त माप मानेचं नाही, कोपराचं.

खुर्चीवर पाठ टेकून सरळ बसायचं. खांदे सैल सोडायचे. दंड अंगालगत सरळ खाली आणि कोपरातून हात काटकोनात पुढे. आता दुसऱ्या कुणालातरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेपने मोजायला सांगायचं. कीबोर्डची बटणं या उंचीला किंवा अर्धा-एक इंच खाली पाहिजेत. टेप नसेल तर वितीने अंदाज घेता येतो. बहुतेक मोठ्या माणसांचं कोपर बैठकीपासून एक वीत वर असतं, म्हणजे आठ-नऊ इंच.

उदाहरण घेऊ. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीची बैठक १६-१७ इंच. वर एक वीत धरली की कोपर आलं २५-२६ इंचावर. टेबल ३० इंच, त्यावर कीबोर्डची जाडी एक इंच. म्हणजे बटणं कोपराच्या पाच-सहा इंच वर. एवढा फरक भरून काढायला माणूस एकतर खांदे उचलतो, नाहीतर कोपर बाहेर फाकवतो, नाहीतर मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून वरच्या वर मोडतो. तिन्हीतून दुखणंच येतं.

यावर तीन वाटा आहेत.

पहिली, बैठक वर घेणे. घरातली जुनी गोधडी घट्ट घडी करून चार बोटं जाडीची करायची आणि खुर्चीवर टाकायची. मऊ फोम नको, तो तासाभरात दबतो आणि माणूस पुन्हा खाली जातो. पण बैठक वर गेली की पाय लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते. म्हणून पायाखाली पाट, नाहीतर दोन विटा शेजारी शेजारी. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि मांड्या साधारण जमिनीला समांतर. यात एक अडचण येते. प्लास्टिकच्या खुर्चीचे हात टेबलाला अडतात आणि माणूस लांब बसतो. तसं होत असेल तर बिनहाताची खुर्ची घ्यावी.

दुसरी वाट सुताराची. टेबलाच्या फळीखाली चार इंचावर सरकती फळी बसवून घ्यायची आणि कीबोर्ड-माऊस दोन्ही तिच्यावर. दोन्ही हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी फळी एवढी अरुंद करतात की कीबोर्ड खाली आणि माऊस वर टेबलावर राहतो. मग उजवा खांदा दिवसभर वर. फळी किमान अडीच फूट रुंद हवी. खाली मांडी शिरेल एवढी जागा राहते का तेही आधी बसून बघावं, नाहीतर गुडघा आपटतो.

तिसरी वाट म्हणजे टेबलाचे पाय कापणे. लाकडी टेबल असेल आणि त्यावर एकच माणूस बसत असेल तर हा सगळ्यात चांगला उपाय. दोन-तीन जण आळीपाळीने बसत असतील तर कापू नये. तिथं टेबल उंच माणसाच्या मापाचं ठेवावं आणि बुटक्याने गोधडी-पाट वापरावा. नवीन लोखंडी टेबल करायला टाकणार असाल तर फॅब्रिकेशनवाल्याला ‘टेबल कर’ एवढंच सांगू नये, इंच सांगावेत.

पाठीसाठी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून कमरेच्या खळगीत, पट्टा बांधतो त्याच्या थोडी वर, खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधून टाकावी. बांधली नाही तर ती खाली घसरते आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडते. पाठ टेकून बसायचं तर खुर्ची टेबलाच्या आत ओढावी लागते. टेबलाखाली कागदांचे गठ्ठे, इन्व्हर्टरची बॅटरी, जुना प्रिंटर असं काही कोंबलेलं असेल तर पाय आत जात नाहीत आणि माणूस आपोआप पुढे वाकतो. बऱ्याच केंद्रांत खरी अडचण खुर्चीची नसून या अडगळीची असते.

हल्ली ऑनलाइन दिसणाऱ्या रंगीबेरंगी गेमिंग खुर्च्यांचं आकर्षण तरुण ऑपरेटरांत आहे. घ्यायला हरकत नाही, पण टेबल ३० इंचच राहिलं आणि पाय लोंबकळत राहिले तर दहा हजारांच्या खुर्चीतही मान तशीच धरते. खर्च करायचाच असेल तर बैठक खाली-वर होणारी साधी फिरती खुर्ची पुरे.

स्क्रीन, उजेड आणि शटर

माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास भरतं. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोललेलं राहतं. पुढे झुकली की मागचे स्नायू ते ओढून धरतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिताने मांडलं की मान ६० अंश झुकली तर मानेवर येणारा भार २७ किलोपर्यंत जातो. मोबाईल मांडीवर धरून बघताना मान साधारण तेवढीच झुकते. सोयाबीनच्या अर्ध्या कट्ट्याचा भार मानेवर घेऊन बसल्यासारखं आहे ते.

म्हणून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. उंची वाढवायला विकत स्टँड लागत नाही. झेरॉक्स कागदाची एक रीम दोन इंच जाडीची असते, एक-दोन रिमा स्क्रीनखाली ठेवल्या की काम झालं. जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर मात्र स्क्रीन थोडी खालीच ठेवावी. नाहीतर खालच्या काचेतून वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडते. अंतर हात लांब केल्यावर बोटं स्क्रीनला लागतील एवढं.

शासनाच्या पोर्टलवरची अक्षरं बारीक असतात. ती वाचायला नाक स्क्रीनला लावायची गरज नाही. कंट्रोलचं बटण दाबून धरून अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं. साधी गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांनाही माहीत नसते.

उजेडाचा प्रश्न आपल्याकडे शटरचा आहे. दुकानाला खिडकी नसते, सगळा उजेड रस्त्याच्या बाजूने येतो. रस्त्याकडे तोंड करून बसलं तर ऊन डोळ्यात, पाठ करून बसलं तर स्क्रीनवर रस्ता दिसतो. दोन्हीत माणूस डोळे बारीक करून, मान वाकडी करून बसतो. टेबल आडवं लावलं, म्हणजे शटर डाव्या किंवा उजव्या हाताला आलं, तर दोन्ही त्रास टळतात आणि गिऱ्हाईकही समोर उभं राहू शकतं.

गिऱ्हाईकाला दाखवायचं म्हणून स्क्रीन कायम एका बाजूला वळवून ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने ऑपरेटर दिवसभर मान एकीकडे फिरवून बसतो. स्क्रीन आपल्या नाकासमोरच ठेवावी, दाखवायच्या वेळी हाताने फिरवावी आणि परत सरळ करावी.

कागद, अंगठा आणि माऊस

आधार कार्ड, पासबुक, सातबारा हे सगळं टेबलावर आडवं पडलेलं असतं, बहुतेक वेळा कीबोर्ड आणि पोट यांच्या मधल्या जागेत. प्रत्येक आकड्याला मान खाली आणि परत वर. परीक्षेला नेतात ते चाप असलेलं पॅड घ्यायचं, त्याला कागद लावायचा आणि स्क्रीनला लागून उभं टेकवायचं. मग नजर तेवढी फिरते, मान फिरत नाही. सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आणि लगेच फरक पडणारा.

अंगठ्याचं मशीन ऑपरेटरजवळ ठेवलेलं असतं आणि म्हाताऱ्या माणसाचा हात धरून ओढावा लागतो. लांब वायर किंवा जोडवायर घेऊन ते गिऱ्हाईकाच्या बाजूला टेबलाच्या कडेला चिकटवून टाकावं. अंगठा पुसायचा ओला फडकाही तिथंच. प्रिंटरचं उलट करावं. तो हाताशी नको, चार पावलांवर ठेवावा. प्रत्येक प्रिंटला उठावं लागतं, तेवढाच पाय मोकळा होतो.

टेबलाची कड धारदार असेल तर ती मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते, आणि तिथूनच हाताच्या नसा जातात. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर चिकटवली तर कड मऊ होते. कीबोर्डच्या मागच्या दोन तंगड्या उभ्या करून ठेवायची सवय मोडावी, त्याने मनगट वर वाकतं. आकड्यांच्या बटणांमुळे माऊस उजवीकडे फार लांब जातो आणि खांदा ताणला जातो. आकडे भरायचं काम जास्त असेल तर माऊस डाव्या हाताला घेऊन बघावा. आठवडाभर चिडचिड होते, मग हात बसतो. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला माऊसऐवजी टॅबचं बटण वापरलं तर माऊसचं निम्मं काम कमी होतं.

ओटीपीसाठी किंवा हेल्पलाइनला फोन लावून तो कान आणि खांद्यामध्ये दाबून टाईप करणं पूर्ण बंद करावं. स्पीकर लावावा.

मराठी टायपिंगचा वेगळा भार

तालुक्यातली मुलं टायपिंगची परीक्षा देतात ती लिपिकाच्या जागेसाठी. मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४०. पूर्वी हे टाइपरायटरवर होतं, आता कॉम्प्युटरवर आहे. टाइपरायटरला जोर लागायचा, पण ओळ संपली की दांडा ओढावा लागे, पान संपलं की कागद बदलावा लागे. त्यात हाताला आपोआप विसावा मिळायचा. कॉम्प्युटरवर तो नाही, ओळ आपोआप खाली जाते. त्यात जुन्या मशीनवर शिकलेले अजूनही बटणं ठोकतात. कॉम्प्युटरचं बटण बोट टेकवलं तरी उमटतं, आवाज येण्याची गरज नाही.

जुन्या रेमिंग्टन पद्धतीत शिफ्ट बरीच लागते आणि ती करंगळीने दाबावी लागते. करंगळी सगळ्यात कमजोर बोट. करंगळीकडून मनगटापर्यंत दुखत असेल तर शिफ्ट एका हाताने आणि अक्षर दुसऱ्या हाताने, हा क्लासमधला पहिला धडा पुन्हा पाळावा. एकाच हाताने दोन्ही दाबताना मनगट वाकडं होतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला अशी वाटणी आहे, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट धरावी. वीस वर्षं रेमिंग्टनवर घालवलेल्याला मात्र हात बदलायला लावण्यात अर्थ नाही.

रात्रीचा लॅपटॉप

दिवसा लाईट जाते, साईट अडकते. रात्री अकरानंतर पोर्टल पळतं, म्हणून राहिलेले अर्ज घरी नेऊन लॅपटॉपवर करण्याचा प्रघात पडलाय. पलंगावर भिंतीला टेकून, लॅपटॉप मांडीवर. लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असतात. स्क्रीन बरोबर उंचीला आणली तर हात वर जातात, हात बरोबर ठेवले तर मान खाली जाते. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. तीन-चारशे रुपयांत वेगळा कीबोर्ड आणि त्याच्या आसपास माऊस मिळतो. लॅपटॉप डब्यावर किंवा जाड पुस्तकांवर चढवायचा आणि कीबोर्ड खाली ठेवायचा. जमिनीवरच बसायचं असेल तर पूर्वी मुनीम-कुलकर्णी वापरत तसली बैठी डेस्क चांगली, पण पाठ भिंतीला आणि बुडाखाली घडी हवी. मांडी घालून तासापेक्षा जास्त बसू नये, गुडघे धरतात.

उठायचं कधी

खुर्ची-टेबल कितीही बरोबर लावलं तरी चार तास न उठता बसलं तर फायदा नाही. अर्ध्या तासाला एकदा उठून मिनिट-दोन मिनिटं उभं राहावं, खांदे मागे फिरवावेत, दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा मागे वाकावं. डोळ्यांसाठी वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघावं असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचली तरी चालतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

हे सांगायला सोपं आहे. एक रुपयाचा विमा होता तेव्हा अर्जामागे केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये ठरलेले होते. समोर साठ माणसं उभी असताना उठणं म्हणजे पैसे सोडणं आणि वर शिव्या खाणं. म्हणून विश्रांती कामाच्या आतच शोधावी लागते. सर्व्हर डाऊन झाला की बहुतेक ऑपरेटर तिथंच बसून मोबाईल काढतात, म्हणजे मान आणखी खाली. त्याच वेळी उठावं. ते फिरणारं चक्र बघत बसून साईट लवकर सुरू होत नाही. दहा अर्जांची कागदपत्रं आधी उभ्याने तपासून गठ्ठा लावावा आणि मग बसून भरावेत. केंद्रात दोघं असतील तर एकाने दिवसभर टायपिंग आणि दुसऱ्याने दिवसभर झेरॉक्स असं न करता दोन तासांनी जागा बदलावी. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी होते त्याला ऑपरेटर काही करू शकत नाही, पण गावागावांत टोकन वाटून रांग तोडणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

महिला ऑपरेटरांचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो उघड बोलला जात नाही. केंद्राजवळ स्वच्छतागृह नसतं, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि जागेवरून उठतही नाहीत. घरी गेल्यावर त्याच मनगटांनी कणीक मळायची आणि भाकरी थापायची. तिथं पाट-विटांचा उपाय अर्धाच पडतो. केंद्राला जागा देतानाच याचा विचार व्हायला पाहिजे.

सकाळी पंप, दुपारी कीबोर्ड

शहरातल्या सल्ल्यात हा भाग कुठं सापडत नाही. आपल्याकडचा ऑपरेटर सकाळी सहाला १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन फवारणी करतो. पंपाच्या वजनासकट ते वीस किलोच्या घरात जातं. मग आंघोळ करून दहाला केंद्रात. हाताच्या पंपाचा दांडा मारून थकलेला खांदाच पुन्हा माऊसला लागतो. मुदतीच्या दिवसांत तरी फवारणी बॅटरी पंपावर करावी किंवा इर्जिक करून दुसऱ्याकडे द्यावी. पंप भरताना तो उंच ओट्यावर ठेवून पाठीवर घ्यावा, जमिनीवरून झटक्याने उचलू नये. दोन्ही पट्टे सारखे लांब करावेत. एक पट्टा ढिला असला की मणका वाकडा राहतो. याची दुसरी बाजूही आहे. शेतात चालणारा, अंग हलवणारा माणूस नुसत्या बैठ्या माणसापेक्षा पाठीने बळकट असतो. त्रास होतो तो दोन्ही कामं एकाच दिवशी टोकाला नेल्याने.

दवाखान्यात कधी जावं

दिवसा दुखतं आणि रात्री झोपून उठलं की बरं वाटतं, तोपर्यंत टेबल-खुर्ची आणि उठ-बस सुधारून बघता येतं. सकाळीही दुखत राहिलं, किंवा दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दाखवावं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर मनगटातली नस दबल्याची शक्यता असते. याला नुसता कीबोर्डच कारण असतो असं नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही असं होतं, म्हणून तपासणी लागते. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलावर टेकून बसायची सवय बघावी. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर मोबाईलवर अंगठ्याने टाईप करणं कमी करावं.

मानेतून हातात किंवा कमरेतून पायात कळ जाणं, हातातून वस्तू सुटणं, पाय लुळा पडल्यासारखा वाटणं ही लक्षणं दिसली की वाट बघू नये. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं, कारण तिथं उशिराने कायमचं नुकसान होऊ शकतं.

मेडिकलवरून गोळी घेऊन किंवा इंजेक्शन मारून मुदत काढायची सवय आहे. गोळीने दुखणं दबतं आणि माणूस तसाच बसत राहतो. पोट आणि किडनीवर परिणाम होतो तो वेगळा. मानेचा आणि कमरेचा पट्टा डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस लावावा. वर्षभर लावून ठेवला तर स्नायू ढिले पडतात.

सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून करावी. पुढं गरज पडली तर धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. बार्शीलाही तालुक्यातली बरीच माणसं जातात. जाताना नुसता एक्स-रे नेऊ नये. आपण कामाला बसलोय असा एका बाजूने फोटो दुसऱ्याकडून काढून घ्यावा, ज्यात खुर्ची, टेबल, पाय आणि स्क्रीन सगळं दिसेल, आणि तो मोबाईलमध्ये दाखवावा. दिवसात किती तास बसतो, दुखणं किती वाजता सुरू होतं आणि कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे चिठ्ठीवर लिहून न्यावं, कारण दवाखान्याच्या गर्दीत अर्धं सांगायचं राहून जातं.